ट रांगेतली सतरावी खुर्ची

या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतोय. वाचतो आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात एकच शेरा मारतो – 'इन्स्ट्रुमेंट एरर'. म्हणजे दोष उपकरणाचा. इथं उपकरण म्हणजे माणसाचे कान आणि डोळे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. अठ्ठावीस वर्षं हेच काम. पार्ट मापात बसत नसेल तर आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासायचा, मग मोजणाऱ्याचा हात तपासायचा आणि मगच पार्टला नावं ठेवायची. भुताखेतांच्या बाबतीत लोक सुरुवातच पार्टपासून करतात, असं माझं मत होतं. अजूनही आहे. पण गेल्या वर्षीच्या माझ्याच वहीत चार नोंदी अशा आहेत की त्यांच्यापुढे मला शेरा लिहिता येत नाही. जागा रिकामी आहे. ती रिकामी जागा मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे लिहितोय.

राहायला मी रहाटणीत. आमच्या सोसायटीच्या गेटपासून काळेवाडीच्या दिशेनं सातशे वीस पावलांवर एक जुनी टॉकीज आहे. मालकांना विचारून लिहितोय, फक्त नावं बदलली आहेत. आपण तिला दीपमाळ टॉकीज म्हणू. एकच पडदा. खाली चारशे अडतीस खुर्च्या, बाल्कनीत एकशे चौऱ्याहत्तर, एकूण सहाशे बारा. लॉकडाउनमध्ये बंद झाली ती झालीच. पुढे कुलूप, कुलपावर गंज आणि पोस्टरच्या चौकटीत क्लासेसच्या जाहिराती.

मालक आण्णा. वय चौऱ्याहत्तर. इथलं जुनं शेतकरी घराणं. आण्णांच्या वडलांनी उसाच्या रानात ही टॉकीज उभी केली. उरलेलं रान पुढे कारखान्यात गेलं आणि त्याच्या बदल्यात आण्णांना त्याच कारखान्यात नोकरी लागली. सकाळी डेअरीवर दूध घेताना आमची गाठ पडायची.

"आण्णा, टॉकीज पाडणार म्हणे?"

"म्हणे न्हाई, पाडणारच. बिल्डर ठरलाय. धाकल्या भावांच्या पोरांच्या सह्या झाल्या. माझी तेवढी राहिलीया. तारीख बी काढली पोरानं."

मला वाईट वाटलं. लग्नानंतरचा पहिला सिनेमा आम्ही तिथं बघितला होता, पण ते एकच कारण नव्हे. चांगलं बनवलेलं काम मोडताना बघवत नाही, ही धंद्याची खोड. मी म्हणालो, "मग पाडायच्या आधी मला एकदा मोजू द्या."

"मोजून काय करता राव? कापडं शिवायचीत का तिला?"

"निदान कागदावर तरी राहील. किती लांब, किती रुंद, कुठं काय होतं ते."

आण्णा हसले नाहीत. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "या गुरवारी. नऊला उघडतो."

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रजिस्ट्रीची तारीख चार आठवड्यांनी होती, तीही गुरुवारीच, दुपारी तीनला. म्हणजे माझ्या हातात चार गुरुवार. बायको म्हणाली, "लोक गुरुवारी दत्ताला जातात, तुम्ही टॉकीजला जा. प्रसादाला पॉपकॉर्न आणा."

पहिल्या गुरुवारी आण्णांचा मुलगा संतोष दार उघडायला सोबत आला होता. चाळिशीचा, सरळ माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही इथं असाल तेवढा वेळ आण्णा रमतील. तीन महिने झोप नाहीये त्यांना. गोळ्या झाल्या, एसी लावला, गादी बदलली. रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या. बीपी कुठल्या कुठं गेलंय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर अवघड आहे. एकदा सही झाली की डोक्यावरचं ओझं जाईल. मी काय हावरट म्हणून मागं लागलोय का?"

तो हावरट नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तो रागावलेला दिसेल.

आत जुन्या कापडाचा आणि कबुतरांचा वास. पण वस्तू काय होती! लॉबीत हिरव्या-पांढऱ्या मोझॅकची फरशी, सत्तावीस पायऱ्यांचा जिना, एकाही पायरीच्या उंचीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. आताच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पायऱ्यांत दीड सेंटिमीटरचा फरक आहे आणि सगळे तिथंच ठेचकाळतात. तिकिटाच्या खिडकीच्या दगडाला हात घासून घासून खळगा पडलेला – मध्यभागी अकरा मिलिमीटर खोल. किती माणसांनी हात घातला असेल तिथं, याचा मी उगाच गुणाकार करत बसलो. हॉलमध्ये ओतीव लोखंडाच्या चौकटीच्या खुर्च्या, प्लायवुडची पाठ, उठलं की आपोआप मिटणारी बैठक. रांगांना मराठी अक्षरं – पुढून क, ख, ग, घ... ङ आणि ञ गाळलेले.

एकच्या सुमारास आण्णा जेवायला घरी गेले. जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं, म्हणाले भुरटे लई झालेत. मी लॉबीत डबा खाल्ला आणि बाल्कनीचं माप घ्यायला चढलो. तेव्हा खालून आवाज आला. टण्... टण्. लोखंडावर धातू. दोनच ठोके, मध्ये सेकंदभराचं अंतर.

मी सगळंच लिहून ठेवतो म्हणून हेही लिहिलं: '२.१० – दोन ठोके. छताचा पत्रा?' ऊन तापलं की पत्रा प्रसरण पावतो, आवाज येतो. यात विशेष काही नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी आण्णा लॉबीच्या पायरीवर बसून बोलत होते, मी टेप लावत होतो. त्यांचे डोळे लाल होते.

"लोकं इथं शिनेमा बघायला यायची असं वाटतं तुमाला?" आण्णा म्हणाले. "अर्धी झोपायला यायची."

"झोपायला?"

"मग! एका खोलीत धा-धा जणं. रात्रपाळीचा सकाळी सातला सुटला तर त्याच्या खाटंवर दुसराच पसरलेला. जायचं कुठं? म्हणून आमच्या वडलांनी साडेआठचा खेळ काढला, खास रात्रपाळीवाल्यांसाठी. तिकीट काढायचं, पंख्याखालची खुर्ची धरायची, झोपायचं. पुढचा खेळ लागला तरी कुणी उठवायचं न्हाई. आन् ज्याला डबल करायची, म्हंजे परत तीनच्या शिफ्टला जायचंय, त्यानं आपली येळ इस्माईलला सांगायची."

इस्माईलभाई म्हणजे तिथले डोअरकीपर. मीही त्यांना पाहिलेलं. उंच, वाकलेले, हातात पितळी टॉर्च. वारून बरीच वर्षं झाली.

"मग ते उठवायचे?"

"खडूनं खुर्चीच्या पाठीवर येळ लिवायचा. मागून फिरताना टॉर्चच्या उजेडात दिसावी म्हणून. येळ झाली की टॉर्च खुर्चीच्या लोखंडावर हानायचा, दोनदा. 'उठा राव, भोंगा होतोय!' आख्ख्या हयातीत येक मानूस त्यानं चुकवला न्हाई. लोकं घरच्या घड्याळापेक्षा त्याच्यावर इस्वास ठेवायची."

मी टेप गुंडाळली. दोनदा, लोखंडावर. मागच्या गुरुवारच्या ठोक्यांबद्दल मी काही बोललो नाही. एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नसतो.

त्या दुपारी आण्णा जेवायला गेले, बाहेरून कुलूप. मी दोन वाजताच हॉलच्या मध्यभागी उभा राहिलो, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून. त्या दिवशी सकाळपासून ढग होते, पत्रा तापायचा प्रश्न नव्हता. शेजारचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप गुरुवारचं बंद. नळाला पाणी सकाळीच येऊन गेलेलं. बरोबर दोन दहाला – टण्... टण्. माझ्या पुढच्या बाजूनं, सातव्या ते अकराव्या रांगेच्या दरम्यान कुठंतरी. कबुतर उडालं नाही, खुर्ची हलली नाही.

घरी येऊन रेकॉर्डिंग सात वेळा ऐकलं. ठोके आहेत. शिवाय पहिल्या ठोक्याच्या आधी एक बारीक 'टिक' आहे. बायकोला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "बॅटरीचं बटण दाबल्यासारखं वाटतंय." मी तिला इस्माईलभाईंबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता.

झोप मलाही नीट लागेना.

तिसरा गुरुवार मी खुर्च्यांसाठी ठेवला होता. प्रत्येक खुर्चीला क्रमांक, स्थिती, फोटो. दोन दहाच्या आत मी मुद्दाम नवव्या रांगेशी पोचलो. ङ आणि ञ गाळले तर नववी रांग म्हणजे ट. मी रांगेच्या टोकाला उभा होतो. ठोके झाले तेव्हा आवाजाची दिशा स्पष्ट कळली. चालत गेलो. सतराव्या खुर्चीच्या पाठीवर, मागच्या बाजूला, खडूनं लिहिलं होतं: २.१०.

आता नीट वाचा. सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर काही वर्षांची धूळ बसलेली होती, बोट फिरवलं तर रेघ उमटेल अशी. जुनं लिखाण असतं तर ते धुळीच्या खाली असतं. हा खडू धुळीच्या वर होता. मी भिंगानं बघितलं. खडूचे कण धुळीवर, आणि अक्षराच्या कडेला धूळ जरा ढकललेली. सकाळी दहाला मी याच रांगेतून गेलो होतो, तेव्हा काही नव्हतं. निदान मला दिसलं नव्हतं.

माझा पहिला विचार: कोणीतरी आपली गंमत करतंय. आण्णांनीच गोष्ट सांगितली, किल्ली आण्णांकडेच. फोटो काढले, एकूण चार, पट्टी शेजारी धरून. आणि मग मी जे केलं ते आमच्या पट्ट्यातला कुठलाही क्वालिटीवाला करेल. फडकं काढलं आणि ते पुसून टाकलं. आमच्याकडे फाइव्ह-एसची शिस्त हाडात भिनलेली असते – जे नको ते काढा, जागा पुसा, चकचकीत ठेवा. मशिनवर कोणी खडूनं आकडा लिहिला की आधी तो पुसायचा, मग 'कोणी लिहिला' विचारायचं. शिवाय डोक्यात प्रयोग होता. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम बघा. खूण पुसली, आता पुढच्या गुरुवारी ठोके येतात का ते बघू.

ती एकच पाठ सहाशे बारा खुर्च्यांत स्वच्छ झाली. निघताना मागे वळून पाहिलं तर तेवढीच चमकत होती. मला कसंसंच वाटलं. एखाद्याच्या टेबलावरचा कागद न विचारता उचलावा, तसं.

चौथा गुरुवार. रजिस्ट्रीचा दिवस.

आण्णा सकाळीच पांढरा सदरा, टोपी घालून तयार होऊन आले. सोबत संतोष. चेहरा मात्र असा की मी विचारलंच, "आण्णा, बरं आहे ना?"

"चार दिस डोळ्याला डोळा न्हाई," आण्णा म्हणाले. "म्हनलं सही करायच्या आधी जरा बसावं इथं."

संतोष मला म्हणाला, "काका, मी पुढं जातो, वकील आणि बिल्डर यायचेत. आण्णांना दोन दहाला उठवा... म्हणजे, निघायला सांगा. रिक्षा सांगून ठेवलीय. तीनचा स्लॉट आहे, चुकला तर परत सगळ्यांना गोळा करणं माझ्या जिवावर येतं. तुमच्यावर सोडतोय हं."

दोन दहा. ही वेळ संतोषनं काढली, मी नाही. मी म्हणालो, "निर्धास्त राहा." अठ्ठावीस वर्षांत माझी कंपनीची बस एकदाही चुकलेली नाही.

आण्णा हॉलमध्ये शिरले. अंधारात, हात न टेकता, सरळ चालत गेले आणि नवव्या रांगेत वळले. मी मागून बघत होतो. सतराव्या खुर्चीवर बसले. मी त्यांना त्या खुर्चीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

"इथंच का बसलात?" मी विचारलं.

"ही माझी हाय. घरात बारा मानसं, पोरं रडायची. डबलच्या दिवशी म्या बी इथंच झोपायचो. मालकाचा पोरगा असून तिकीट काढून! इस्माईल म्हनायचा, आण्णा, फुकट झोप लागत नाही." ते हसले, पाठ टेकली आणि वर छताकडे बघत राहिले. मी घड्याळ पाहिलं, बारा वीस. पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज आला.

मी फोनवर दोन पाचचा अलार्म लावला. आवाज पूर्ण. वर प्रोजेक्टरच्या खोलीत जायचं होतं. शेवटची मापं तिथलीच राहिली होती. दोन जुनी यंत्रं, भोकांच्या खिडक्या आणि तिथून पडद्यापर्यंतचं अंतर. फोन समोर टेबलावर ठेवला, हातभर अंतरावर. खिडकीतून खाली आण्णांची टोपी दिसत होती.

एक चाळीसला घड्याळ बघितलं. ते मला पक्कं आठवतं, कारण वहीत लिहिलंय. त्यानंतर सात मापं घेतली, तीही वहीत आहेत. एका मापाला मला पाच मिनिटं लागतात, तीन वेळा घेऊन सरासरी काढायची. सात मापांची झाली पस्तीस मिनिटं.

मग खाली लोखंडी दार धाडकन उघडल्याचा आवाज आला आणि संतोषची हाक. मी घड्याळ बघितलं.

तीन अडतीस.

एकशे अठरा मिनिटांतली पस्तीस वजा केली तर त्र्याऐंशी उरतात. त्या त्र्याऐंशी मिनिटांत मी काय करत होतो, हे मला आजही सांगता येत नाही. झोपलो नव्हतो, उभा होतो, हातात टेप होती. फोन उचलला. त्यावर लिहिलेलं: चुकलेला अलार्म, दोन पाच. संतोषचे पाच मिस्ड कॉल. आण्णांच्या खिशातल्या फोनवर नऊ, हे नंतर कळलं. आवाज दोन्हीकडे पूर्ण. एकही वाजलेला मी ऐकला नाही. आणि दोन दहाचे ठोकेही नाहीत.

जिन्यावरून धावत उतरलो. संतोष रांगेच्या टोकाला उभा होता, घामाघूम.

"काका, काय हे? तुमच्यावर सोडलं होतं ना मी? सगळे बसून बसून निघून गेले. बिल्डर तोंडावर बोलला मला – वडलांना यायचं नव्हतं तर आधी सांगायचं!"

नोकरीत अशी चूक झाली असती तर मी स्वतःच मेमो मागून घेतला असता.

त्या आवाजानं आण्णा जागे झाले. डोळे चोळले. एकशे पंच्याण्णव मिनिटं झोप झाली होती – सव्वातीन तास. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"किती वाजलं रं?"

"चार वाजत आले आण्णा! स्लॉट गेला."

आण्णांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "इस्माईलनं उठवलं कसं न्हाई?"

संतोषनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, म्हातारा भ्रमलाय. आणि मी... मला आता लपवणं शक्य नव्हतं. मी ठोक्यांचं सगळं सांगितलं, चारही गुरुवारचं. फोटो दाखवला. आण्णांनी फोन लांब धरून बघितला, मग जवळ धरून.

"ह्यो त्याचाच दोन. शेपूट बघा कसं खाली वढलंय. दुसऱ्या कुनाला यायचं न्हाई असं." मग खुर्चीवर मागे वळून त्यांनी पाठीवरून हात फिरवला. "मग हितं कुठाय?"

"मी पुसलं," मी म्हणालो. "मागच्या गुरुवारी. फडक्यानं."

"पुसलं?"

"हो."

आण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. संतोष घाबरून पाणी आणायला निघाला, त्याला हातानं थांबवलं.

"आवो मोजणीवाले, पुसल्यावर तो कशाला उठवंल? तसाच नेम व्हता. ज्याला कामावर जायचं न्हाई, रजा टाकलीया, त्यानं उठून आपली येळ पुसायची. पुसली म्हंजे – झोपू द्या. मग इस्माईल त्या रांगंला कुनाला बोलू बी द्यायचा न्हाई. चप्पल वाजवली तर टॉर्च डोळ्यावर मारायचा."

हा नियम मला आधी माहीत नव्हता. आण्णांनी तो सांगितला नव्हता. हे मी वहीत उलटसुलट तपासून पाहिलंय, दुसऱ्या गुरुवारच्या नोंदीत फक्त लिहिण्याचं आहे, पुसण्याचं नाही.

संतोष खालच्या आवाजात म्हणाला, "आण्णा, मी पुढच्या आठवड्याची तारीख घेतो. सही झाली की झोप येईल तुम्हाला, डॉक्टर पण..."

"झोप आली की रं." आण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "तीन म्हयन्यानं आली. कुठं आली? तुझ्या एसीत न्हाई आली, त्या गादीवर न्हाई आली. हितं आली. आन् हीच पाडायला सही करू व्हय म्या? तारीख घिऊ नगं."

"आणि बाकीचे? चुलतभावांना काय सांगू?"

"सांग, आण्णा रजेवर हाय."

संतोषनं शेजारच्या खुर्चीची बैठक खाली केली, बसला आणि डोकं मागे टेकवून डोळे मिटले. तोही तीन महिने जागाच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढचं सोपं नव्हतं. घरात पाच महिने वाद चालले, मी त्यात पडलो नाही. शेवटी मागची मोकळी जागा बिल्डरला द्यायची आणि टॉकीज ठेवायची असं ठरलं. माझी मापं तिथं कामाला आली. पाडण्याच्या आधीची म्हणून केलेली वही आता दुरुस्तीसाठी वापरतात. पत्रे बदलले, कबुतरांना जाळी लावली, खुर्च्या त्याच ठेवल्या. गुरुवार सोडून रोज सकाळी साडेआठचा खेळ सुरू केलाय. चाकणजवळ महाळुंग्या-निघोज्याच्या खोल्यांत आजही आठ-आठ जण राहतात आणि पाळी बदलली की एकाच्या गादीवर दुसरा झोपतो, हे मी आमच्या कॉन्ट्रॅक्टवाल्या मुलांकडून रोज ऐकतो. ती येतात. पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरतात.

मी माझ्याकडून सगळ्या तपासण्या केल्या. फोन त्याच टेबलावर ठेवून अलार्म लावला, ट-सतरावर बसूनही ऐकू येतो. डॉक्टरांकडून कानांची आणि डोक्याची तपासणी करून घेतली, सगळं नॉर्मल. फोटोतला खडू आमच्या लॅबमधल्या मित्राला दाखवला. तो म्हणाला, "खडू आहे." रेकॉर्डिंग अजून आहे माझ्याकडे. कोणाला सुचत असेल तर खाली लिहा. फक्त 'पत्रा' लिहू नका, पत्रा मी तपासलाय.

आता गुरुवारी मी तिथंच असतो, बारीकसारीक दुरुस्त्या बघायला. खेळ नसतो. आण्णा दुपारी येतात, ट-सतरावर झोपतात. दोन दहा झाले की माझा हात आपोआप थांबतो, मी कान देतो. काही वाजत नाही. त्या दिवसापासून एकदाही ठोके आलेले नाहीत, आणि ते का थांबले हेही मला माहीत नाही.

टॉकीज परत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पाठी पुसून झाल्यावर मी खडू घेऊन त्या खुर्चीमागे उभा राहिलो होतो. म्हटलं, पुसलेलं आपणच परत लिहावं, चूक दुरुस्त करावी. फोटो समोर धरला होता, शेपटीसकट तसाच दोन काढायचा म्हणून. आण्णांनी पाहिलं.

"ठिवा तो खडू," आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे कोरं. मला आता कुठं जायचंय?"